सर्वानुमते

पाळकसाहेब म्हणाले, "जे अनुकूल आहेत त्यांनी उभं राहावं,"
आणि सतरंज्यांवरची सगळी मंडळी उठली.
वर वैशाखात तापलेली टिनं कडकड वाजत होती.
मी बसून राहिले.

ठराव असा होता:
शिलास खंडारेला सहा महिने प्रभुभोजन नाही.
त्यानं टिनांच्या फंडाची वही मागितली होती.
जन्मभर सोसायटीत गटसचिव,
वही पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही.
"वही दाखवा," एवढंच म्हणाला होता,
तेही बशीतला चहा फुंकत.
पाळकसाहेब म्हणाले, हे बंड आहे.
मेंढरानं मेंढपाळाला हिशेब मागायचा नसतो.

मार्थानं मला उठवायला हात दिला.
"बसू द्या बुढीले," मागून कोणी म्हणालं,
"गुडघे दुखतेत तिचे."
सेक्रेटरी दानिएलनं समजुतीनं मान हलवली
आणि वहीत लिहिलं: सर्वानुमते.

किती सोपं होतं.
गुडघे दुखतातच.
बोर्डिंगच्या पोरींच्या चादरी धुता धुता गेले,
छत्तीस वर्षं, त्याच हौदावर.

दारव्ह्याच्या या अंगाला मी चार पाळक पाहिले.
पहिल्यानं सांगितलं, काळी पोत काढ. काढली.
दुसऱ्यानं सांगितलं, तान्ह्या पोळ्याला
पोराच्या हातात लाकडी बैल देऊ नको.
घेतला काढून. अजून माझ्या पेटीत आहे,
एक चाक नाही त्याला.
तिसऱ्यानं काही सांगितलंच नाही,
सायकलवरून आजाऱ्यांकडे जायचा फक्त,
त्याचं ऐकायचं राहूनच गेलं.

पण तो पहिला.
भाऊ वारला तेव्हा तोच म्हणाला होता, जाऊ नकोस,
तिकडचे विधी अंधाराचे.
गाडीवान निरोप घेऊन उभा, बैल जुंपलेले,
आणि तीन कोसांवर गुणवंतभाऊ जळत असताना
मी चादरी आपटत होते.
आज्ञा पाळली.
त्याबद्दल देवानं मला काय दिलं ते अजून कळलं नाही.
वहिनीनं दिलं ते ठाऊक आहे:
बावीस वर्षं पाणी, ओसरीवरच.

मेंढपाळही मी पाहिलेत, खरे.
फाल्गुनात आमच्या वावरात कळप बसवायचे.
दिवस मावळला की मोजायचे,
बोट लावून, तोंडानं पुटपुटत.
एक कमी भरलं तर चुलीवरची भाकर तशीच राहायची.
हिशेब त्यांना कोणी मागत नसे.
तेच करत बसायचे रात्रभर.

"दानिएल," मी म्हटलं, "ते खोड."
"काय, मावशी?"
"माये गुडघे नाई दुखत आज. मी बसली हाव."

लाइट नव्हती. पंखा नव्हता.
एवढ्या शांततेत मी कधी बोलले नव्हते,
स्तोत्राच्या सुरात बोलायची सवय.

"मावशी," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले,
"वडिलांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे."
आवाज चांगला आहे त्यांचा. वयानं माझ्या पोराएवढे.

"रायली ना, बावा. पंचेचाळीस वर्सं रायली.
पन शनिवारी पाव मी कापतो.
बासष्ट तुकडे होतेत.
एकसष्ट कापाले माया हात चालत नाई."

दानिएलनं पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग वहीकडे.
खोडलं की नाही, मला दिसलं नाही.
शेवटच्या प्रार्थनेला मीही डोकं झाकलं,
आमेन म्हटलं, जिथं म्हणता आलं तिथं.

या शनिवारी दारव्ह्याचा पाव मार्थाच्या घरी उतरला.
मनुका तिनंच भिजवल्या.
मला कोणी काही बोललं नाही.
शिलास आला होता, चपलांपाशी बसला.
ताट माझ्यासमोर आलं तेव्हा
मी आधी मागं पाहिलं, मग पुढं सरकवलं.

मंगळवारी पाळकसाहेबांकडे ताक पाठवलं.
ऊन फार आहे, त्यांच्या लेकीला गोवर निघालाय.
गडवा अजून परत आलेला नाही.